सव्विसावा आठवडा आणि तीन आदेश : ऑक्टोबर २०२३ मधील एका गर्भपात याचिकेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात २७ वर्षांच्या एका विवाहित महिलेने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयीन नोंदीत तिचे नाव नाही, तिला केवळ ‘एक्स’ म्हटले आहे. येथे तिचा उल्लेख ‘याचिकाकर्ती’ असाच केला आहे. तिला दोन मुले होती, मोठे सुमारे चार वर्षांचे आणि धाकटे जेमतेम वर्षाचे. धाकट्याच्या जन्मानंतर तिला बाळंतपणोत्तर मानसिक आजाराने गाठले होते व त्यावर औषधोपचार चालू होते. आणखी एका मुलाला शारीरिक, मानसिक आणि आर्थिकदृष्ट्या सांभाळणे आपल्याला शक्य नाही, असे तिचे म्हणणे होते आणि त्याला पतीची संमती होती.

गर्भधारणा इतक्या उशिरा का लक्षात आली, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. बाळ अंगावर पीत असल्याने तिला पाळी आलेली नव्हती, आणि अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, या घरोघरी चालत आलेल्या समजावर ती विसंबून होती. हा समज सर्वस्वी खोटा नाही. पहिल्या सहा महिन्यांत, बाळ केवळ आईच्याच दुधावर असताना आणि पाळी परत सुरू झालेली नसताना, ही पद्धत पुष्कळ भरवशाची असते. मात्र सहा महिने उलटले आणि बाळाला वरचे अन्न सुरू झाले की तो भरवसा राहत नाही. आठवड्यांची गणना मागे नेली, तर गर्भ राहिला तेव्हा धाकटे मूल साधारण याच उंबरठ्यावर असले पाहिजे. जिला मुळात पाळीच येत नाही, तिला पाळी चुकल्याची खूण मिळत नाही. सोनोग्राफीत गर्भधारणा स्पष्ट झाली तेव्हा २४ आठवड्यांची मर्यादा गाठलेली होती आणि न्यायालयापुढे प्रकरण आले तेव्हा सव्विसावा आठवडा चालू होता.

कायद्याची चौकट

भारतात गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणून कायद्यात आलेला नाही. तो गुन्ह्याला असलेला अपवाद म्हणून आला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ ने गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा ठरवला होता आणि त्यात ती स्त्रीही आरोपी होऊ शकत होती. (आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे.) महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली अहवाल दिला, त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. असुरक्षित गर्भपातांमुळे जाणारे बळी आणि लोकसंख्येची चिंता, या दोन्ही गोष्टी त्यामागे होत्या. डॉक्टरने सद्भावनेने मत बनवले तर त्याच्यावर खटला भरता येणार नाही, असे संरक्षण हा कायदा देतो. म्हणजे त्याचा मुख्य पात्र डॉक्टर आहे, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ती मुभा नियमांत सांगितलेल्या काही गटांनाच आहे : बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, गर्भारपणात विधवा झालेल्या वा घटस्फोट झालेल्या स्त्रिया, अपंग व मानसिक आजार असलेल्या स्त्रिया इत्यादी. २४ आठवड्यांनंतर दोनच दारे उरतात. वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्याचे निदान केले, तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही; आणि कलम ५ नुसार स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने आवश्यक असेल, तर गर्भपात केव्हाही करता येतो. याचिकाकर्ती या दोहोंत बसत नव्हती. हीच स्त्री तीन आठवडे आधी आली असती, तर मानसिक आजाराच्या निकषावर दोन डॉक्टरांच्या सहीने काम भागण्याची वाट मोकळी होती.

राजकारणाचा मुद्दा येथेच नोंदवणे योग्य होईल. अमेरिकेत जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि त्यावर निवडणुका लढल्या गेल्या. भारतात या विषयावर मते मागितली जात नाहीत. २०२१ ची दुरुस्ती लोकसभेने मार्च २०२० मध्ये आणि राज्यसभेने मार्च २०२१ मध्ये आवाजी मतदानाने मंजूर केली. संसदेत सहमती दिसली, म्हणून येथे राजकारण नाही असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. ते वैद्यकीय मंडळाच्या अहवालात, सरकारी वकिलांच्या सूचनांत आणि खंडपीठांच्या परस्परसंबंधांत मुरलेले आहे, आणि हे प्रकरण त्याचा ठळक नमुना आहे.

घटनाक्रम

५ ऑक्टोबरला न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाला वैद्यकीय मंडळ नेमून तपासणी करण्यास सांगितले. अहवाल आल्यावर ९ ऑक्टोबरला खंडपीठाने गर्भपाताची परवानगी दिली. गर्भनिरोधनाची पद्धत निष्फळ ठरल्याने ही गर्भधारणा नको असलेली आहे, याचिकाकर्तीची मानसिक अवस्था नाजूक आहे आणि स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय अनुच्छेद २१ खाली (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) तिचाच आहे, असा त्या आदेशाचा आशय होता. याचिकाकर्तीने दुसऱ्या दिवशी एम्समध्ये दाखल व्हावे, असे ठरले.

१० ऑक्टोबरला मंडळातील एका डॉक्टरांचा ईमेल सरकारी वकिलांकडे आला. गर्भ निरोगी आहे आणि या अवस्थेत तो बाहेर जगू शकतो; म्हणून आधी त्याच्या हृदयाचे ठोके थांबवायचे की नाही, याबद्दल न्यायालयाने स्पष्ट निर्देश द्यावेत, अशी ती विचारणा होती. ठोके न थांबवता कळा आणल्या तर तो गर्भपात न राहता अकाली प्रसूती होईल, कमी वजनाचे बाळ दीर्घकाळ अतिदक्षता विभागात राहील, त्याला शारीरिक वा बौद्धिक अपंगत्व येण्याची शक्यता मोठी असेल, आणि अशा बाळाचे पुढे काय करायचे हेही सांगावे, असे त्यात म्हटले होते.

हा ईमेल घेऊन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल ऐश्वर्या भाटी यांनी त्याच दिवशी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे तोंडी उल्लेख केला. त्या पीठाने प्रक्रिया तूर्त थांबवण्यास सांगितले आणि आदेश मागे घेण्यासाठी रीतसर अर्ज करण्याची सूचना केली. ११ ऑक्टोबरला मूळ खंडपीठ पुन्हा बसले, तेव्हा लेखी अर्ज येण्याआधीच दुसऱ्या पीठाकडे जाण्याच्या या पद्धतीवर न्यायमूर्तींनी उघड नाराजी व्यक्त केली. डॉक्टर निकालानंतर इतके स्पष्ट बोलू शकतात, तर आधीचा अहवाल इतका मोघम का होता, असेही न्यायालयाने विचारले. याचिकाकर्तीने प्रतिज्ञापत्रावर पुन्हा सांगितले, की तिला व तिच्या पतीला हे गर्भारपण पुढे न्यायचे नाही.

त्यानंतर खंडपीठाचे मत दुभंगले. आपली न्यायिक सदसद्विवेकबुद्धी आता परवानगी देऊ देत नाही, असे न्यायमूर्ती कोहली यांनी नोंदवले. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी आपला आधीचा आदेश कायम ठेवला : गर्भ जगण्यायोग्य आहे का, हा येथे निर्णायक प्रश्न नाही, गर्भाचे अस्तित्व आईवर अवलंबून आहे आणि आईने ठामपणे मांडलेल्या इच्छेचा मान राखलाच पाहिजे. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले.

१२ ऑक्टोबरपासून सरन्यायाधीश चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्यापुढे सुनावणी झाली. आणखी काही आठवडे थांबता येईल का, हे याचिकाकर्तीशी बोलून पाहण्यास तिच्या वकिलांना सांगण्यात आले. तिने नकार दिला. एम्सकडून आणखी एक अहवाल मागवला गेला : गर्भात काही व्यंग आहे का, आणि आईची औषधे गर्भाला अपाय न करता चालू ठेवता येतील का. दोन्ही उत्तरे गर्भारपण चालू ठेवण्याच्या बाजूने आली. १६ ऑक्टोबरला, गर्भ २६ आठवडे ५ दिवसांचा असताना, पीठाने परवानगी नाकारली. प्रसूतीचा खर्च सरकारने करावा आणि मूल ठेवायचे की दत्तक द्यायचे हे पालकांनी ठरवावे, असे आदेशात म्हटले.

न्यायालयापुढचे पर्याय

पहिला पर्याय ९ ऑक्टोबरचा आदेश त्याच्या वैद्यकीय परिणामासह पुरा करण्याचा होता, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या इंजेक्शनने गर्भाचे ठोके आधी थांबवून नंतर गर्भपात करणे. हे ऐकायला कठोर वाटते, परंतु उशिराच्या गर्भपातात ही प्रस्थापित वैद्यकीय पायरी आहे. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांची शिखर संस्था साधारण २२ आठवड्यांनंतर याचीच शिफारस करते, आणि गंभीर व्यंग असलेल्या गर्भाबाबत ही पद्धत भारतातही वापरली जाते. एम्सच्या डॉक्टरांची अडचण पद्धतीबद्दल नव्हती. निरोगी गर्भाबाबत ती वापरण्याची जबाबदारी कोणाची, याबद्दल होती.

दुसरा पर्याय ठोके न थांबवता अकाली प्रसूती करण्याचा होता. माझ्या मते हा सर्वांत वाईट पर्याय होता, कारण त्यात आईची इच्छा अर्धवटच पुरी होते आणि बाळाच्या वाट्याला मात्र आयुष्यभराचे अपंगत्व येऊ शकते. तो कोणीही गांभीर्याने मागितला नाही, हे बरे झाले. अशा वेळी जिवंत जन्मलेल्या बाळाचे दायित्व कोणाचे, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्येच दिले होते. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती महेश सोनक यांच्या खंडपीठाने म्हटले होते, की प्रयत्नांनंतरही बाळ जिवंत जन्मले तर रुग्णालयाने त्याला सर्व उपचार द्यावेत आणि पालक जबाबदारी घेण्यास तयार नसतील वा असमर्थ असतील तर ती शासनाने घ्यावी. ईमेलमधील निम्म्या प्रश्नाचे उत्तर या निकालात तयार होते.

तिसरा पर्याय थांबण्याचा : गर्भ पूर्ण वाढू द्यायचा, सरकारी खर्चाने बाळंतपण आणि नंतर दत्तकविधान. न्यायालयाने अखेर हाच मार्ग तिच्यापुढे ठेवला. गर्भारपणाचे उरलेले महिने म्हणजे केवळ वाट पाहणे, असे यात गृहीत धरले गेले. मागच्या बाळंतपणाने जिला मानसिक आजार दिला, तिच्यासाठी पुढचे बाळंतपण हाच धोका होता, आणि मूल दत्तक दिल्याने तो टळत नव्हता.

चौथा पर्याय कायद्याच्या अर्थाचा होता. ज्येष्ठ वकील कॉलिन गोन्साल्विस यांनी मांडले, की गर्भाला आईच्या विरोधात स्वतंत्र हक्क नाहीत आणि कलम ५ चा अर्थ व्यापक घेतला पाहिजे. पीठाने तो अर्थ काटेकोर ठेवला : आईच्या जिवाला तातडीचा धोका असल्याचा पुरावा नाही, गर्भात व्यंग नाही आणि २४ आठवडे उलटले आहेत. अनुच्छेद १४२ खालचा पूर्ण न्यायाचा विशेष अधिकार अशा प्रत्येक प्रकरणात वापरता येणार नाही, असेही पीठाने सांगितले. कायद्याच्या शब्दांत राहून पाहिले तर हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. तथापि याच न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी, अविवाहित स्त्रियांनाही २० ते २४ आठवड्यांची मुभा देताना, नियमांचा अर्थ उद्देशानुसार लावायचा असतो असे विस्ताराने सांगितले होते, आणि चंद्रचूड व पारडीवाला हे दोघेही त्या पीठावर होते. तेव्हाचा प्रश्न मर्यादेच्या आतला होता आणि हा मर्यादेपलीकडचा, हा फरक खरा आहे. पण मर्यादा ओलांडताच स्त्रीच्या मानसिक आरोग्याचे वजन एकदम शून्यावर का यावे, याचे समाधानकारक उत्तर १६ ऑक्टोबरच्या आदेशात सापडत नाही.

निर्णयाचे कळीचे क्षण

माझ्या वाचनात या प्रकरणाचा निकाल ५ ऑक्टोबरलाच बिघडला, जरी त्या दिवशी कोणाच्याच ते लक्षात आले नाही. वैद्यकीय मंडळाला तपासणी करून मत देण्यास सांगितले गेले, पण गर्भ बाहेर जगू शकतो का, गर्भपात कोणत्या पद्धतीने करावा लागेल, ठोके थांबवावे लागतील का आणि त्यास मंडळाची तयारी आहे का, हे प्रश्न सुटे करून विचारले गेले नाहीत. कायद्यातले मंडळ मुळात गर्भातील व्यंगाचे निदान करण्यासाठी आहे. व्यंगच नसलेल्या प्रकरणात ते बोलावले, तर त्याला आपले काम काय हे कोणीतरी सांगावे लागते. ते न सांगितल्याने जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा, तो परवानगीनंतर, एका ईमेलमधून, आणि ‘ठोके थांबवायचे का?’ अशा शब्दांत न्यायालयापुढे आला. त्या शब्दांत विचारल्यावर उत्तर बदलणारच होते.

दुसरा क्षण १० ऑक्टोबरचा. डॉक्टरांना शंका होती, तर ती मूळ खंडपीठापुढे मांडण्यास एक दिवस पुरला असता. पीठ अस्तित्वात होते आणि प्रकरण त्याला माहीत होते. सरन्यायाधीशांकडे तोंडी उल्लेख करण्याने दोन गोष्टी घडल्या : मिळालेला आदेश पक्का नसल्याचा संदेश गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाचे प्रत्येक पीठ म्हणजे सर्वोच्च न्यायालयच, या तत्त्वाला तडा गेला. डॉक्टरांचा हेतू वाईट होता, असे येथे सुचवायचे नाही. खटल्याच्या भीतीखाली काम करणारा डॉक्टर लेखी हमी मागणारच. ज्या कायद्याने त्याला मुख्य पात्र केले, त्यानेच ही भीतीही त्याच्या पदरी टाकली आहे.

तिसरा क्षण ११ ऑक्टोबरचा दुभंग. दोन्ही न्यायमूर्तींपुढे वस्तुस्थिती एकच होती आणि बदलले होते ते केवळ तिचे वर्णन. न्यायमूर्ती नागरत्ना यांची भूमिका मला अधिक सुसंगत वाटते, कारण सव्विसाव्या आठवड्यातला निरोगी गर्भ जगू शकतो ही माहिती ९ ऑक्टोबरलाही नवी नव्हती. न्यायमूर्ती कोहली यांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की परिणाम इतक्या स्पष्टपणे समोर आल्यानंतरही जुन्या आदेशाला केवळ तो दिला आहे म्हणून चिकटून राहणे हेही न्यायाधीशाला शोभत नाही.

आणि वेळ. ५ ते १६ ऑक्टोबर या काळात न्यायव्यवस्थेने वस्तुतः विलक्षण वेगाने काम केले. सर्वोच्च न्यायालयात अकरा दिवसांत परवानगीच्या एकाच प्रश्नावर तीन आदेश (९, ११ आणि १६ ऑक्टोबर) ही दुर्मीळ गोष्ट आहे. गर्भारपणात मात्र प्रत्येक दिवस एकाच बाजूचे पारडे जड करत होता.

परिणाम

याचिकाकर्तीच्या पुढच्या आयुष्याची हकिगत सार्वजनिक नोंदीत नाही, आणि ती नसणेच योग्य आहे. कायद्याच्या पातळीवर १६ ऑक्टोबरचा आदेश एक दाखला बनला : निरोगी गर्भ, २४ आठवड्यांपलीकडचा काळ आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, असे असेल तर परवानगीची अपेक्षा ठेवू नये. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विधवेला दिलेली परवानगी काही आठवड्यांतच मागे घेतली, तेव्हा तेथेही निरोगी गर्भाचे ठोके थांबवण्याचाच प्रश्न आडवा आला होता.

दरम्यान महाराष्ट्रातून वेगळा प्रवाह येत होता. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या एका महिलेला ३२ व्या आठवड्यात परवानगी देताना स्पष्ट केले होते, की निवड त्या स्त्रीची आहे, वैद्यकीय मंडळाची नाही. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातील १४ वर्षांच्या एका अत्याचारपीडित मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तेथे मंडळाने आधी अनुकूल मत दिले होते आणि नंतर, मुलीला पुन्हा न तपासता, गर्भात व्यंग नाही म्हणून ते फिरवले होते. त्या मतावर विसंबून उच्च न्यायालयाने नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला परवानगी दिली, आणि आई-वडिलांना मुलीच्या प्रकृतीची काळजी वाटून त्यांचे मत बदलल्यावर २९ एप्रिलला ती मागे घेतली. निकालपत्रात मात्र सरन्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ती पारडीवाला यांनीच लिहिले, की मंडळाने केवळ व्यंगाचा निकष पाहून थांबू नये, गर्भवतीच्या शारीरिक व मानसिक आरोग्यावर होणाऱ्या परिणामाचे मत द्यावे, मत बदलले तर त्याची सबळ कारणे द्यावीत, आणि गर्भवतीची संमती सर्वोपरी मानावी.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत सोपा बदल पहिल्या आदेशाच्या मसुद्यात होता. मंडळाला पाठवायच्या प्रश्नांचा ठरीव नमुना असता, त्यात पद्धत, गर्भाची जगण्याची शक्यता, ठोके थांबवण्याची गरज, मानसोपचारतज्ज्ञाचे स्वतंत्र मत आणि गर्भारपण चालू ठेवल्यास आईला असणारा धोका हे सारे असते, तर ९ ऑक्टोबरचा आदेश एकतर पूर्ण झाला असता किंवा मुळातच वेगळा आला असता. दोन्ही स्थितींत याचिकाकर्तीला हातात आलेली परवानगी गमावण्याचा अनुभव घ्यावा लागला नसता. २०२४ च्या निकालाने या दिशेने पाऊल टाकले आहे; पण ठोके थांबवण्याच्या पायरीवर डॉक्टरांना कायदेशीर संरक्षण कितपत, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिल्याखेरीज ईमेल थांबणार नाहीत.

याचिकेच्या आखणीचाही विचार करावा लागेल. परवानगीची तातडीची मागणी आणि कायद्याच्या घटनात्मक वैधतेचा प्रश्न एकाच घड्याळाखाली लढवणे अवघड असते. पीठानेही वैधतेचा मुद्दा वेगळ्या कार्यवाहीसाठी ठेवला. दाद मागणाऱ्या वकिलांनी मानसिक आजाराचा तज्ज्ञ अहवाल पहिल्याच दिवशी, औषधांच्या तपशिलासह आणि पुढील धोक्याच्या मूल्यमापनासह सादर केला असता, तर आजार औषधांनी आटोक्यात आहे एवढ्यावर चर्चा संपली नसती.

आणि सर्वांत आधीची जागा बाळंतपणानंतरच्या तपासणीची आहे. मानसिक आजारावर उपचार घेणारी ही स्त्री वर्षभर डॉक्टरांच्या संपर्कात होती. अंगावर पाजणे सहा महिन्यांनंतर गर्भनिरोधक म्हणून चालत नाही, हे एखाद्या भेटीत तिला कोणी सांगितले असते आणि पाळी नसतानाही अधूनमधून साधी लघवीची चाचणी करायला सुचवले असते, तर गर्भ बाराव्या आठवड्याच्या आत कळला असता आणि एका डॉक्टरच्या मतावर, न्यायालयाचे तोंड न पाहता, प्रश्न सुटला असता.

२४ आठवड्यांपलीकडे, निरोगी गर्भ आणि आजारी आई, अशा स्थितीसाठी कायद्यात आजही तरतूद नाही. असे प्रकरण आले की ते पुन्हा उच्च न्यायालयात रिट याचिकेने सुरू होते आणि पहिला आदेश वैद्यकीय मंडळ नेमण्याचाच निघतो.